कहाणी आणि खोड

मे 2025 मध्ये मुंबईत मनोरंजन क्षेत्राची 'वेव्हज' परिषद भरली. ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर केंद्राने कायद्याने बंदी आणली आणि सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राने ॲनिमेशन-गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं. तेव्हापासून गेमचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं : आपल्या मातीतली पात्रं हवीत. कशी, म्हणून विचारलं तर उत्तर तयार असतं. मराठवाड्यातला एखादा पोरगा घ्या. बाप कोरडवाहू शेतकरी, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते, पोरगा अनवाणी पळतो, शहरातली पोरं हसतात आणि एके दिवशी तो सगळ्यांना गप्प करतो. जालना जिल्ह्यातल्या जाफराबादसारख्या तालुक्याच्या गावात राहणाऱ्याने खरं तर खूश व्हायला हवं, कारण पात्र आमच्याच गल्लीतलं आहे. मी खूश नाही.

या वादात आणखी दोन पक्ष आहेत. गेम म्हणजे मुलांचं वाटोळं, असं म्हणणाऱ्यांनी सोयाबीनच्या काढणीत आईबाप दोघंही रानात असताना घरी राहिलेलं मूल दिवस कसा काढतं ते आधी पाहावं, मग बोलावं. मुलांना कोहली-रोहितच लागतात, लहान पोरांची पात्रं कोण घेणार, असं म्हणणारे दुकानदार आहेत. त्यांना वादात ओढायचं कारण नाही. खरा मुद्दा आहे तो वरचं तयार उत्तर देणाऱ्या कहाणीवाल्यांशी. त्यांचा हेतू चांगला आहे आणि अडचण तीच आहे.

लहान मुलांची पात्रं घेऊन खेळाचा गेम करायचा प्रयोग आजचा नाही. सिएटलजवळच्या ह्युमंगस एंटरटेनमेंट या कंपनीने 1997 मध्ये 'बॅकयार्ड बेसबॉल' काढला. तीस मुलं-मुली, परसातली मैदानं आणि बेसबॉल. आपल्याकडे बेसबॉल कोण खेळतो, हे क्षणभर बाजूला ठेवा. गेमची सुरुवात सामन्याने होत नाही, भिडू वाटण्याने होते. तीस पोरं समोर असतात, तुम्ही एक मागता, समोरचा एक मागतो. प्रत्येकाच्या कार्डावर फटका, पळणं, चेंडू टाकणं आणि अडवणं यांची मापं, आणि सोबत एखाददुसरी ओळ. पीट व्हीलर वाऱ्यासारखा पळतो, पण डोक्याने जरा सुस्त. स्टेफनी मॉर्गनची बेसबॉलवरची बडबड थांबत नाही. अहमद खानच्या कानावरचा हेडफोन निघत नाही आणि धाकटा अमीर थोरल्याचं बघून बघून सगळं करतो. केनी कावागुची चाकाच्या खुर्चीवरून खेळतो आणि चेंडू चांगला टाकतो. खुर्ची कशामुळे आली, हे गेम सांगत बसत नाही. आणि पाब्लो सांचेझ : बुटका, गोलमटोल, स्पॅनिश बोलणारा, आणि तिसातला सर्वांत भारी खेळाडू. ज्याने हा गेम एकदा खेळला, तो दुसऱ्या वेळी पहिल्या झटक्यात पाब्लोला मागतो. पाब्लोचा बाप काय करतो, घर कुणाचं, कुठून आले, कुणी विचारत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये हा गेम नव्याने बाजारात आला. लहानपणी तो खेळलेली माणसं आज चाळिशीच्या आसपास आहेत, आणि पाब्लोचं नाव त्यांच्या तोंडावर असतं.

आता जाफराबादेत या. उन्हाळ्यात पूर्णा नदीचं पात्र कोरडं पडलं की चार वाजल्यानंतर तिथे काय चालतं ते पाहण्यासारखं असतं. दोन कॅप्टन ठरतात. बाकीची पोरं दोन-दोनच्या जोड्या लावून बाजूला जातात, गळ्यात हात टाकून कानात कुजबुजतात आणि परत येऊन विचारतात : वाघ घेता का सिंह? कॅप्टनला ठाऊक नसतं कोण वाघ, कोण सिंह. वाटणी निव्वळ नशिबावर. पण त्याच्या आधीचं काम नशिबाचं नसतं, ते अतिशय बारीक असतं. जोडी लावायची ती तोलामोलाचीच. फास्ट टाकणाऱ्याबरोबर फास्ट टाकणारा, आडवी बॅट फिरवणाऱ्याबरोबर तसाच. नऊ-दहा वर्षांची पोरं एकमेकांना किती नेमकं ओळखतात, याची परीक्षा या दोन मिनिटांत होते. एखादी जोडी विषम लागली तर लगेच ओरड : 'हा चालणार नाही, ह्याला कॅच सुटतो.' एक पोरगा उरला तर तो दोन्हीकडून बॅटिंग करणारा 'कॉमन'. सगळ्यात बारका असेल तो कच्चं लिंबू. बॅट ज्याची, त्याची पहिली बॅटिंग. बाद झाल्यावर तो बॅट घेऊन घरी जाण्याची धमकी देतो, म्हणून त्याला एक चेंडू 'ट्राय'चा सोडतात. हे सगळं ज्ञान स्वभावाचं आहे. त्यात कुणाचाही बाप, कुणाचंही कर्ज, कुणाचीही जमीन येत नाही. पोरांना ते माहीत नसतं असं नव्हे. छोट्या गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं. पण भिडू मागताना ते मोजत नाहीत.

माझं म्हणणं या फरकावर उभं आहे. पात्र दोन तऱ्हांनी घडवता येतं, कहाणीने किंवा खोडीने. मैदानात उतरण्याआधी मुलाचं काय झालं ते कहाणी सांगते. खोड सांगते ते पुढचा चेंडू आल्यावर तो काय करेल याविषयी. कहाणी ऐकणाऱ्यासाठी असते, त्याचे डोळे ओलावतात. खोड लागते ती बरोबर खेळणाऱ्याला, कारण त्याला त्यावरून क्षेत्ररक्षण लावायचं असतं.

कहाणीवाले म्हणतात, कहाणीवाचून मूल पोकळ राहतं. हा दावा जरा तपासून पाहू. 2024 च्या फेब्रुवारीत युवा विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध भारताची 4 बाद 32 अशी दैना झाली होती, आणि जिंकायला हव्या होत्या 245. बीडच्या सचिन धसने 96 केल्या. उदय सहारनबरोबर 171 धावांची भागी झाली आणि सामना निघाला. दुसऱ्या दिवशी मराठी घरांत काय पोचलं? वडिलांनी तेंडुलकरवरून नाव ठेवलं, बीडसारख्या ठिकाणाहून पोरगा इथवर आला. खरं आहे आणि ऐकायला छानही आहे. पण चार गडी बाद असताना तो आल्या आल्या दबकून खेळला की फटके मारत सुटला, कोणत्या गोलंदाजाला त्याने लक्ष्य केलं, समोरच्याशी षटकाच्या मध्ये काय बोलत होता, यातलं किती जणांच्या लक्षात आहे? कहाणीने त्या खेळीची जागा घेतली. ती भर घालते, असं आपण समजतो. बहुतेक वेळा ती जागा बळकावते.

दुसरं असं, की कहाणी जिंकणाऱ्यालाच मिळते. जालन्याच्या विजय झोलने 2011 मध्ये कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद 451 केल्या, पुढे तो भारताच्या एकोणीस वर्षांखालच्या संघाचा कर्णधार झाला, म्हणून जालन्याची नावानिशी बातमी झाली. त्याच वयाची, तेवढीच अनवाणी धावलेली आणि साठ धावांवर बाद झालेली पोरं जिल्ह्यात शेकड्याने असतील. त्यांना कहाणी नाही, कारण कहाणीला शेवट लागतो आणि शेवटी चषक लागतो. लहान मुलांच्या गायन स्पर्धांत घराची दृश्यं आधी दाखवून मग गाणं ऐकवायची पद्धत पडली, तीही यातलीच. गाणं ऐकण्याआधीच ते कसं ऐकायचं हे ठरलेलं असतं. खोडीला चषक लागत नाही. हरणाऱ्या पोरालाही खोड असते, बहुधा जिंकणाऱ्यापेक्षा जास्त मजेशीर.

इथे कुणी श्यामचं नाव काढेल. साने गुरुजींचा श्याम कहाणीवरच तर उभा आहे, आणि तीन पिढ्या त्याच्यावर वाढल्या. पण श्यामचे कोणते प्रसंग आपल्याला लगेच आठवतात ते पाहा. पोहायला घाबरून लपून बसणारा, आईचा मार खाऊन पाण्यात उतरणारा श्याम आठवतो. आंघोळीनंतर पायाला माती लागू नये म्हणून आईचं लुगडं अंथरून घेणारा आठवतो. घराची पडझड आणि सावकारी कर्ज ही पुस्तकाची कहाणी आहे, ती आपल्याला ठाऊकही आहे. तरी पाठ राहिल्या त्या खोडी. भा. रा. भागवतांच्या फुरसुंगीच्या बनेश फेणेचं तर विचारायलाच नको. किडकिडीत अंग, सायकल आणि तोंडाने 'ट्टॉक्'. एवढ्या भांडवलावर मराठी मुलांनी त्याला आपला मानला.

कहाणीवाल्यांचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे, आणि मी तो टाळणार नाही. ते म्हणतात, मैदान सगळ्यांना सारखं असतं ही थाप आहे. जात, दुष्काळ, मुलगी असणं यांवर ठरतं कोण मैदानात पोचणार. खोडी सांगून तुम्ही हे सगळं झाकता. मान्य. पण झाकणं कशाला म्हणायचं? आमच्याकडे एखादी मुलगी लहान भावाला कडेवर घेऊन खेळायला येते. त्याला कडेला दगडावर बसवते आणि क्षेत्ररक्षणाला उभी राहते ती नेमकी त्याच बाजूला, नजर चेंडूवर अर्धी आणि भावावर अर्धी. तिच्याकडे आलेला चेंडू कधी हातात येतो, कधी पायांमधून जातो. दिवेलागणीला घरून हाक आली की ती निघते, डाव अर्धा असला तरी. कहाणीवाला तिच्या कार्डावर लिहील : गरीब घरातली, घरकाम करून खेळणारी जिद्दी मुलगी. वाचणारा हळहळेल आणि पुढच्या कार्डाकडे वळेल. आता हीच मुलगी गेममध्ये अशी आणा की भाऊ रडला की तिची एक धाव हुकते, आणि सहाव्या षटकानंतर ती मैदानातून जाते. तुम्ही तिला संघात घेतलंत तर तुम्हाला हे धरूनच डाव आखावा लागतो. मग खेळणाऱ्या मुलाला कळतं की ही चांगली खेळते, आणि हिला थांबू दिलं जात नाही. कुणी उपदेश न करता कळतं, कारण त्यामुळे तो सामना हरतो. सामाजिक वास्तव गेममध्ये आणायचं तर ते पुढच्या चेंडूत आणा, कार्डावर नको.

माझ्याच बाजूने असलेला धोका मी ओळखतो. खोड फार लवकर साच्यात बसते. 'बॅकयार्ड'मध्येही सगळं निर्मळ नव्हतं. डांटे रॉबिन्सनला सतत भूक लागलेली असते, तेवढंच त्याचं व्यक्तिमत्त्व. काळ्या वर्णाच्या मुलाला हेच का, हा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे कुणी गेम केला तर मराठवाड्याचा पोरगा रांगडा, पुण्याचा शहाणा, विदर्भाचा आळशी, असा भरणा व्हायला वेळ लागणार नाही. पण इथेही तीच कसोटी कामाला येते. भुकेने डांटेच्या खेळात काहीही बदलत नाही, म्हणून ती खोड नव्हे, चिकटवलेली पट्टी आहे. पाब्लोच्या बुटकेपणाला मात्र मैदानावर उत्तर मिळतं. दोन्ही पात्रं एकाच कंपनीने, एकाच वर्षी केली, हे लक्षात ठेवावं.

याच गेमच्या 2001 च्या आवृत्तीत डेरेक जेटर, केन ग्रिफी यांच्यासारखे खरेखुरे व्यावसायिक खेळाडू लहान मुलं करून आणले गेले. विक्रीला ते बरं असेल. पण ती मुलं मुलं राहिली नाहीत. त्यांचं पुढे काय होणार हे आधीच ठरलेलं होतं. आपल्याकडे तेंडुलकरच्या बाबतीत हे रोज होतं. पुण्याच्या जेटसिंथेसिसने डिसेंबर 2017 मध्ये त्याच्या नावाचा 'सचिन सागा' काढला, आणि त्याचं बालपण आपण नेहमी भविष्याच्या तारेवर वाळत घालतो. पण त्या बालपणातलं खेळण्याजोगं काय आहे? आचरेकर सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. जो बाद करेल त्याचं, बाद नाही झाला तर सचिनचं. हे नाणं प्रत्येक चेंडू बदलतं. फेब्रुवारी 1988 मध्ये हॅरिस ढालीत शारदाश्रमसाठी कांबळीबरोबर 664 ची अभंग भागी झाली. डाव सोडायच्या खुणा दिसत असूनही दोघांनी तिकडे बघायचंच नाही असं ठरवलं, हे त्यांनी स्वतः पुढे सांगितलं आहे. ही खोड. गेम करणाऱ्याला यापेक्षा आणखी काय हवं? साहित्य सहवासातलं घर, कवी वडील, हे चरित्रात शोभतं.

आणि पात्र ओळखायला नाव तरी किती लागतं? 2006 च्या शेवटी आलेल्या 'ईए क्रिकेट 07'मध्ये परवान्याअभावी भारतीय खेळाडूंची नावं मोडूनतोडून दिली होती. तरी सायबर कॅफेत बसणाऱ्या पोरांना कोण कोण आहे ते फलंदाजीच्या क्रमावरून आणि फटक्यांवरून कळायचं.

तेव्हा राज्याच्या धोरणाचा फायदा घेऊन कुणी पुण्या-मुंबईचा गट गावाकडच्या मुलांचा गेम करायला निघालाच, तर एवढं करावं. मुलाखती घेऊ नयेत. मुलाखतीत मूल कहाणीच सांगतं, कारण मोठ्यांना ती हवी असते हे त्याला पाचवीतच कळलेलं असतं. उन्हाळ्यात इकडे यावं, नदीच्या पात्रात एका कडेला बसून भिडू वाटताना ऐकावं, आणि कोणती जोडी कुणी का मोडली तेवढं लिहून न्यावं. पात्राच्या कार्डावर वडिलांच्या धंद्याची ओळ ठेवू नये. तिथे तो पोरगा नो-बॉल पडल्यावर भांडतो की हसतो, एवढं लिहिलं तरी चालेल.