तारा कोणाच्या हातचा?



नाताळचा सण जवळ आला कीं गांवोगांवच्या ख्रिस्ती घरांत बांबूच्या कामट्या, पतंगी कागद आणि खळीची वाटी दिसूं लागते. मुलें अंगणांत बसतात. कोणी कागद कापतें, कोणी दोरा ओढतें, कोणी खळ कागदापेक्षां गालालाच अधिक लावून घेतें. हें दृश्य इतकें परिचयाचें आहे कीं त्यांत नीति-अनीतीचा कांहीं प्रश्न असेल असें कोणास वाटणार नाहीं. मलाही वाटलें नव्हतें. परंतु कांहीं वर्षांपूर्वीं माझ्याच घरीं एक गोष्ट घडली, आणि तेव्हांपासून एक प्रश्न माझ्या मनांतून जात नाहीं. तो असा कीं, लहान मुलानें आपल्या हातांनीं केलेली वांकडी वस्तु आपण वडील माणसांनीं गुपचूप सरळ करावी काय?

त्या वर्षीं आमच्या मंडळीनें असें ठरविलें कीं, दहा वर्षांखालील मुलांनीं स्वहस्तें तारे करून आणावे, ते उपासनामंदिरांत टांगावे, आणि उत्तम ताऱ्यास बक्षीस द्यावें. हेतु चांगला होता. माझा मुलगा तेव्हां सात वर्षांचा होता. त्यानें तीन संध्याकाळ खपून एक तारा केला. त्याचें एक टोंक आंखूड, दुसरें लांब, कागदाला सुरकुत्या आणि शेपटी एकाच बाजूस, असें त्याचें रूप होतें. मी त्या मंडळीचा उपदेशक. उपदेशकाच्या घरचा तारा असा कसा न्यावा, ह्या विचारानें मी बेचैन झालों. रात्रीं मुलें निजल्यावर मीं तो तारा उसवला, नव्या कामट्या तासल्या, नवा कागद ताणून चिकटविला, आणि जुन्या कामट्या चुलींत घातल्या. सकाळीं तारा फार सुरेख दिसत होता. मुलानें तो पाहिला. बराच वेळ तो कांहीं बोलला नाहीं. मग त्यानें विचारलें, "बाबा, माझा तारा कोठें आहे?" मीं म्हटलें, "हाच तो. थोडा नीट केला, इतकेंच."

नाताळच्या दिवशीं बक्षीस त्यालाच मिळालें. पंचांपैकीं एका वृद्ध बाईंनीं कौतुकानें विचारलें, "बाळा, हा तूं स्वतः केलास ना?" मुलानें माझ्याकडे पाहिलें. मीं मान खालीं घातली. तो म्हणाला, "होय."

वाचकहो, त्या एका शब्दाचा दोष कोणाच्या माथीं? दहा आज्ञा त्यानें माझ्याच तोंडून ऐकून पाठ केल्या होत्या. खोटी साक्ष देऊं नये हें मीं त्याला तोंडानें शिकविलें, आणि ती कशी द्यावी हें हातांनीं शिकविलें. बक्षिसाची रंगपेटी त्यानें उघडली देखील नाहीं. पुढल्या रविवारीं उपासनेनंतर मीं पंचांपुढें खरें तें सांगितलें व पेटी परत केली. मुलाला बोलावयास लाविलें नाहीं, कारण अपराध त्याचा नव्हता. तेव्हां त्या वृद्ध बाईंनीं मला एवढेंच विचारलें, "मग त्याचा पहिला तारा आतां आणा ना!" तो कोठून आणणार? त्याची राख झाली होती.

आतां कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचें इतकें अवडंबर कशाला? बापानें मुलाच्या कामाला हात लावला तर त्यांत पाप तें काय? ही शंका योग्य आहे, आणि हिच्या पाठीशीं शास्त्राचा आधारही दाखवितां येतो. मलाखी संदेष्ट्यानें आपल्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायांत लंगडें व आंधळें जनावर वेदीपाशीं आणणाऱ्यांस कडक दोष दिला आहे. मग देवाच्या घरांत वांकडा तारा कां टांगावा? तसेंच निर्गमाच्या पुस्तकांत बसालेल नांवाच्या कारागिराची हकीकत आहे. त्याच्या हातचें कौशल्य हें देवाच्या आत्म्याचें दान होतें, असें तेथें सांगितलें आहे. म्हणजे सुबकपणा देवाला प्रिय आहे. मग मीं सुबकपणा केला तो दोष कसा?

ह्या दोन्ही आधारांचा मीं पुष्कळ विचार केला, आणि दोन्ही माझ्याच विरुद्ध साक्ष देतात असें मला दिसून आलें. मलाखीच्या काळच्या लोकांचा अपराध जनावर लंगडें होतें एवढाच नव्हता. कळपांत धडधाकट नर असतांना तो त्यांनीं मागें ठेविला आणि नको तें देवाला दिलें, हा त्यांचा अपराध होता. माझ्या मुलानें मागें काय ठेविलें होतें? सात वर्षांच्या हातांत जेवढें होतें तेवढें सर्व त्यानें त्या ताऱ्यांत घातलें होतें. मंदिरांत बसून दानपेटीकडे पाहणाऱ्या प्रभूनें विधवेच्या दोन टोल्या कशा मोजल्या, हें मार्काच्या बाराव्या अध्यायांत आपण वाचितों. तोच हिशेब येथें लागू आहे. मुलाचा तारा वांकडा होता, पण अर्पण पुरें होतें. माझा तारा सरळ होता, पण तें अर्पणच नव्हतें. कारण ज्याच्या नांवानें तो दिला गेला त्यानें तो दिलाच नव्हता, आणि ज्यानें तो केला त्यानें तो देवासाठीं केला नव्हता. खरें लंगडें जनावर मींच वेदीपाशीं नेलें.

बसालेलाची गोष्टही तशीच आहे. त्याच पुस्तकाचा पस्तिसावा अध्याय वाचून पाहा. देवानें त्याला व त्याच्या सोबत्याला केवळ कसबच दिलें नाहीं, तर दुसऱ्यांस शिकविण्याची बुद्धिही दिली. ज्याच्या हातांत कौशल्य आहे त्यानें तें दुसऱ्याच्या हातांत उतरवावें. दुसऱ्याचा हात बाजूस सारून आपला हात पुढें करावा, असा त्या दानाचा हेतु नाहीं.

तर मग मुलाला मुळींच साह्य करूं नये काय? असें म्हणणें वेडेपणाचें होईल. बांबू चिरणें हें सात वर्षांच्या मुलाचें काम नव्हे, कोयता त्याच्या हातीं देतां येत नाहीं. साह्य कोठें संपतें आणि हिरावून घेणें कोठें सुरू होतें, हें ओळखण्यास मला एक साधी कसोटी सांपडली आहे, ती सांगतों. ती वस्तु कशी झाली हें मुलाला साऱ्या मंडळीपुढें उभें राहून संकोच न धरितां सांगतां येईल काय? "कामट्या बाबांनीं चिरल्या, गांठी आईनें दाखविल्या, कागद मीं लाविला" असें तें म्हणूं शकत असेल तर तें साह्य होय. हकीकतींतला एखादा भाग त्याला गिळावा लागत असेल तर तेथें त्याचें कांहीं तरी चोरीला गेलें आहे. शिकविणें हें वस्तु करण्यापूर्वीं किंवा करितांना, मुलाच्या डोळ्यांदेखत व्हावें. पुढचा तारा अधिक चांगला कसा होईल हेंही अवश्य सांगावें. परंतु झालेला तारा त्याच्या पाठीमागें बदलूं नये.

ह्या ठिकाणीं एक जुनी हकीकत उपयोगी पडेल. जर्मनींत निस्की नांवाच्या गांवीं मोरावियन मंडळीची मुलांची शाळा होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तेथील मुलांकडून भूमितीच्या धड्यासाठीं अनेक टोंकांचे कागदी तारे करवून घेत असत. पुढें त्या ताऱ्यांस पुष्कळ मागणी येऊं लागली, आणि १८९७ सालीं हेर्नहुट येथें ते विक्रीसाठीं तयार करण्याचा कारखाना निघाला. आज ते तारे अनेक देशांत टांगले जातात. कारखान्यांतला तारा अर्थात् अधिक रेखीव असतो. पण शाळेंतल्या ताऱ्याचा हेतु वेगळा होता. तेथें मुलाच्या हातांनीं तारा घडत होता आणि ताऱ्यानें मूल घडत होतें. आपण आपल्या घरांत कोणती गोष्ट मागतों, हें आधीं ठरवावें.

विकत आणलेला तारा लावणें हें पाप आहे असें मी म्हणत नाहीं. हल्लीं बाजारांत प्लास्टिकचे, विजेच्या दिव्यांचे तारे मिळतात. ज्याला परवडतो त्यानें आणावा, त्यालाही कोणाचे तरी हात लागलेले असतात. परंतु शेजाऱ्याच्या दारीं मोठा तारा दिसतो म्हणून उधारी करणें, आणि नाताळ संपल्यावर चार महिने ती फेडीत बसणें, हा सण नव्हे, फांस आहे. उलट पक्षीं, गरिबांच्या मुलांस "हातचेंच खरें" असा उपदेश करून आपल्या मुलांस मात्र दुकानांतलें आणून देणें हेंही आम्हां सेवकांस शोभत नाहीं. जो नियम आपण सांगतों तो आपल्या दारापासून लागू करावा.

हातच्या वस्तूला पैसा थोडा लागतो, पण वेळ लागतो, आणि मजुरी करणाऱ्या आईबापांस वेळ हाच महाग आहे, हें मी जाणतों. बीड, अहिल्यानगर इकडील कित्येक कुटुंबें तर नाताळांत ऊसतोडीवर, साखरकारखान्याजवळच्या कोपीत असतात. तेथें कागद कोठला? पण उंसाचें पाचट असतें. तें पिळून बांधलें तर पांच टोंकांचा तारा होतो. नदीकांठची माती असेल तर गव्हाणी होते. पोळ्याचे मातीचे बैल करण्यांत आपलीं मुलें आधींच तरबेज असतात, आणि मेंढपाळ कसा दिसतो, त्याच्या खांद्यावर घोंगडी कशी असते, हें त्यांस पुस्तकांत पाहावें लागत नाहीं. इटलींतील ग्रेच्चो गांवीं १२२३ सालीं फ्रान्सिस यानें नाताळच्या रात्रीं जी गव्हाणी मांडली तींतही गवत, एक बैल व एक गाढव एवढेंच होतें. आपल्याकडे कोसबाड येथें ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं आदिवासी मुलांच्या बालवाड्या चालविल्या, त्यांतही पानें, बिया, खडे अशीं आसपासचीं साधनेंच मुलांच्या हातीं दिलीं. जें जवळ आहे त्यानेंच लहान मुलांचे हात कामाला लागतात.

वयाप्रमाणें काम वांटून द्यावें. तीन वर्षांच्या मुलानें कागद फाडावा व चिकटवावा. सहासात वर्षांच्यानें बोथट कातरीनें कापावें. दहा वर्षांच्यानें गांठी माराव्या. पांच सारख्या कामट्यांची एक चांदणी, तशीच दुसरी, दोन्हींचीं टोंकें एकत्र बांधावीं, आणि आंतल्या पांच कोपऱ्यांत बोटभर लांबीच्या काड्या उभ्या घालाव्या म्हणजे तारा फुगतो. आंत पेटती पणती ठेवूं नये. कागद पेटण्याचें भय असतें. लहानसा विजेचा थंड दिवा पुरे. आणि काम चाललें असतां बेथलेहेमची गोष्ट सांगावी. हात गुंतलेले असले म्हणजे मुलांचे कान मोकळे असतात.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायांत हन्नेविषयीं एक वाक्य आहे, त्यावरून आपण भरभर पुढें जातों. ती आपल्या मुलासाठीं दरवर्षीं एक लहान झगा करून शिलोस नेत असे. तो झगा कसा होता, रेखीव होता कीं नव्हता, हें शास्त्र सांगत नाहीं. तो तिनें केला आणि ती घेऊन गेली, एवढेंच सांगतें. देणाऱ्याचा हात त्या वस्तूवर असणें हेंच तिचें मोल होय. आईनें मुलासाठीं केलेल्या झग्याविषयीं हें आपणांस सहज पटतें. मग मुलानें प्रभूसाठीं केलेल्या ताऱ्याविषयीं तें आपणांस कां पटूं नये?

सर्वांत कठीण गोष्ट शेवटीं सांगतों. त्या रात्रीं मीं कोणासाठीं जागरण केलें? मुलासाठीं नव्हे, देवासाठींही नव्हे. उपदेशकाची अब्रू झांकण्यासाठीं केलें. लोकांनीं पाहावें म्हणून धर्मकृत्य करणाऱ्यांस त्यांचें प्रतिफळ मिळून चुकलें आहे, असें प्रभूनें डोंगरावर सांगितलें. मलाही तें मिळालें. एक रंगपेटी, आणि ती घेतांना माझ्याकडे पाहणारे दोन डोळे. आपण स्वतः देवापुढें जें जें आणितों, तें आपलें वांकडेंच काम असतें. तो तें पाठीमागें चुलींत घालीत नाहीं. तो आपला हात धरून आपणांस शिकवितो, आणि उद्यां पुन्हा करावयास लावितो.

पुढल्या वर्षीं आमच्या मंडळीनें बक्षीस बंद केलें. आतां नाताळच्या आधींच्या शनिवारीं सर्व मुलें मंदिराच्या ओट्यावर बसून तारे करितात, आणि सर्व तारे एकाच दोरीवर टांगले जातात. ओळ फार वेडीवांकडी दिसते. बाहेरगांवचे पाहुणे कधीं हंसतात, त्यांस हंसूं द्यावें. माझा मुलगा आतां मोठा झाला आहे आणि लहानांस गांठी मारावयास शिकवितो. पण त्या वर्षाच्या ताऱ्याची गोष्ट निघाली कीं आम्ही दोघेही गप्प होतों.

म्हणून, प्रिय आईबापांनो, ह्या नाताळांत तुमच्या मुलानें वांकडा तारा आणून तुमच्या हातीं दिला, तर तो तसाच दारावर लावा. आणि कोणी विचारलें, "हा कोणीं केला?" तर उत्तर मुलालाच देऊं द्या.