सरासरी डोळा

जे गेल्याचे कोणाच्या ध्यानात येणार नाही ते काढून टाकावयास हरकत आहे काय? दुधात घातलेल्या पाण्याविषयी हा प्रश्न विचारला तर उत्तरास क्षणाचाही विलंब लागत नाही. परंतु मोबाइलवर चित्र पाहणाऱ्या प्रत्येकाने त्याच प्रश्नाचे उलट उत्तर, स्वतःस न विचारताच, देऊन टाकलेले असते.

अंकीय चित्र म्हणजे आकड्यांचा पट होय. चांगल्या प्रतीच्या चलच्चित्राच्या एका चौकटीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूतील तांबडा, हिरवा व निळा अंश सांगण्यास तीन बाइट लागतात. सेकंदास २५ चौकटी धरल्या तर दर सेकंदास सुमारे १२४ कोटी बिट होतात. आपल्यापर्यंत येणारा प्रवाह मात्र पुष्कळदा ४० लाख बिटांच्या घरातला असतो. तीनशे भागांतील एक भाग पोहोचतो, आणि तरीही चित्र अखंड दिसते!

यातील काही बचत निर्दोष असते. एकाच रंगाचे शंभर बिंदू शंभरदा सांगण्याऐवजी ‘हाच रंग शंभर वेळा’ असे लिहिले, तर मूळ चित्र जसेच्या तसे परत मिळते. मोठी बचत निराळ्या वाटेने होते. डोळ्यास उजेडातील फरक जितका कळतो तितका रंगातील कळत नाही. म्हणून रंगाची माहिती बहुधा चौथ्या हिश्श्याने ठेवतात. १९९२ साली प्रमाण ठरलेल्या जेपेग पद्धतीत चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडतात, प्रत्येकातील ढोबळ व बारीक चढउतार वेगळे काढतात, आणि बारकाव्यांचे आकडे इतके ढोबळ करतात की त्यांतील बहुतेक शून्य होतात. हे वेगळे काढण्याचे गणित मूळ बंगळूरचे नासिर अहमद यांनी नटराजन व राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केले. सुपाने धान्य पाखडावे तशीच ही क्रिया. मात्र सुपातून उडालेला कोंडा अंगणात पडलेला तरी दिसतो.

चलच्चित्रात गोष्ट याहून पुढे जाते. २०२० च्या नवरात्रात देवळे बंद होती, तेव्हा आमच्या जिल्ह्यातील तुळजाभवानीचे दर्शन कित्येकांनी पडद्यावरच घेतले. अशा प्रक्षेपणात यंत्र पूर्ण चौकट अधूनमधूनच पाठविते. मधल्या काळात स्थिर मूर्तीविषयी ‘पूर्ववत’ एवढेच कळविते आणि पुजाऱ्याचा हलता हात व आरतीची ज्योत तेवढी नव्याने धाडते. म्हणजे ‘थेट’ म्हणून जे दिसते त्यातील बराच भाग काही क्षणांपूर्वीचा असतो. (ही मूर्ती चल असून वर्षातून तीनदा तिला निद्रेसाठी पलंगावर नेतात, त्या वेळी यंत्राचे ‘पूर्ववत’ उपयोगी पडणार नाही!) यात फसवणूक आहे असे मला वाटत नाही. तपशील कमी म्हणून दर्शन उणे म्हणावयाचे, तर दर्शनबारीतून क्षणभर मान वर करणाऱ्याचे दर्शनही उणेच ठरेल.

अडचण आहे ती ‘कोणाच्या ध्यानात’ या शब्दांपाशी. काय टाकावे याचे कोष्टक पाहणाऱ्यांच्या चाचण्यांवरून, सरासरी डोळा प्रमाण मानून बसविलेले आहे. आणि सरासरी डोळा हा नेहमी परक्याचा डोळा असतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने लातूरकडील किल्लारीप्रमाणे आमच्याकडील सास्तूर व भोवतालची गावेही जमीनदोस्त केली. हजारो माणसे गेली. दगडामातीच्या भिंतींखाली घरातले फोटोही गेले. अशा एखाद्या घरी पाहुण्यांकडून लग्नातला एखादा फोटो परत मिळावा, आणि घोळक्यात आईचा चेहरा नखाएवढा असावा. तो मोबाइलवर टिपून भावंडांस पाठविला की निरोप नेणारे ॲप त्याचा संकोच करते. पुढे कोणी पडद्याचेच चित्र टिपून धाडले की पुन्हा तेच. कपाळावरचे गोंदण, हनुवटीवरचा तीळ ढोबळ होत होत पुसट होतात. परक्यास दोन्ही चित्रे एकच वाटतील. मुलीस वाटणार नाहीत. आणि जिने आजीस पाहिलेच नाही त्या नातीस काय गेले हे कधी कळावयाचेही नाही.

ज्यास हानी कळत नाही त्यास हानी कसली, असे उपयुक्ततावादी विचारील. मला हा युक्तिवाद पटत नाही. नातीस तीळ ठाऊक नाही म्हणून तिची आजी बिनतिळाची होत नाही. फक्त तसे सांगणारा साक्षीदार नाहीसा होतो. स्मृतीही बारकावे टाकतेच की, असा दुसरा आक्षेप येईल. तो खरा आहे. परंतु स्मृती ज्याची त्याच्या मायेप्रमाणे टाकते व ठेवते. कोष्टक सर्वांच्या आयांस एकच लागू करते.

तेव्हा टाकण्यास माझी हरकत नाही. टाकलेल्याची मूळ प्रत कोठेच न उरण्यास आहे. फोटो स्कॅन करून पीएनजीसारख्या, काहीही न गाळणाऱ्या स्वरूपात ठेवता येतो, आणि पाठविताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून धाडला तर बहुधा वाटेत बदलत नाही. फाइल मोठी होते आणि पोहोचावयास वेळ लागतो, इतकेच. कागदावरचा फोटो त्यानंतरही पेटीतच राहू द्यावा. त्यातील नखाएवढा चेहरा उद्या भिंगाखाली धरावासा कोणास वाटेल, हे आज सांगता येत नाही.