आधी चादरी

शिर्डीतल्या लॉजवर खोली कधी रिकामी होईल, हे दर्शनाच्या रांगेवर ठरतं. काकड आरतीला निघालेलं कुटुंब भल्या पहाटे अंघोळी उरकतं आणि ओले टॉवेल पलंगावर टाकून जातं. साईनगर स्टेशनावर उतरलेली माणसं सामानासकट काउंटरवर येऊन उभी राहतात आणि त्यांना खोली तेव्हाच्या तेव्हा हवी असते. गुरुवारी गर्दी, शनिवार-रविवारी गर्दी. रामनवमीला तर मुंबईहून पालख्यांबरोबर चालत आलेली माणसं मिळेल तिथं पाठ टेकतात. 2017 मध्ये शिर्डीजवळ काकडी गावात विमानतळ सुरू झालं आणि विमानानं येणाऱ्यांचीही त्यात भर पडली. अशा गावात मॅनेजर एखाद्या दिवशी आला नाही तरी हॉटेल चालून जातं. खोल्या आवरणाऱ्या बाया आल्या नाहीत, तर दुपारपर्यंत सगळा कारभार ठप्प होतो.

अशाच एका नव्या हॉटेलात हाउसकीपिंग सुपरवायझरची जागा निघाली होती. राहाता तालुक्यातल्या एका खेड्यातली बाई तिथं मुलाखतीला जाणार होती. बारावी झालेली, नगर-मनमाड रस्त्यालगतच्या एका जुन्या लॉजवर सहा वर्षं कामाला असलेली. तिथं तिला सगळे ताई म्हणत, आपणही ताईच म्हणू.

ताईच्या धाकट्या भावानं मोबाइलवरून प्रश्नोत्तरं उतरवून दिली होती. नेतृत्व म्हणजे काय, हाताखालच्या लोकांना प्रोत्साहन कसं द्याल, वाद कसे मिटवाल. उत्तरंही तयार होती: मी सर्वांना सोबत घेऊन चालते, माझा स्वभाव शिस्तप्रिय पण प्रेमळ आहे, टीमचं यश तेच माझं यश. ताईनं ती पाठ केली आणि आदल्या संध्याकाळी आप्पांना म्हणून दाखवायला गेली.

आप्पा शेजारीच राहायचे. साई संस्थानच्या प्रसादालयाच्या स्वयंपाकघरात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. 2009 मध्ये प्रसादालयाच्या छतावर 73 सौर तबकड्या बसल्या आणि उन्हावर तयार केलेल्या वाफेवर अन्न शिजू लागलं, ते दिवस त्यांनी पाहिले होते. हजारोंच्या पंगती उठतात तिथं एकाची चूक दुसऱ्याच्या ताटात पडते, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सर्वांना सोबत घेऊन चालतेस म्हणालीस. कुणाला गं?"

"म्हणजे... सगळ्यांनाच, आप्पा."

"सगळे म्हणजे कुणीच नाही. नाव घे एकीचं. कुठं नेलंस तिला, ते सांग."

ताई गप्प झाली. आप्पांनी अडकित्ता खाली ठेवला.

"दाभोलकरांनी साईबाबांची पोथी लिहायला घेतली ती कशावरून, ठाऊक आहे ना? वांद्र्याचा मॅजिस्ट्रेट माणूस. सकाळी मशिदीत आला तर बाबा जातं मांडून गहू दळत बसलेले. कुणाला हाक नाही, हुकूम नाही. चार बाया धावत आल्या नि बाबांच्या हातातला खुंटा त्यांनी काढून घेतला. दळण झालं. बायांना वाटलं, बाबांना ना घर ना दार, हे पीठ आपल्यालाच देणार. वाटे करायला बसल्या. तेव्हा बाबा कडाडले. पण कडाडून थांबले का? पीठ गावाच्या शिवेवर नेऊन टाका, हेही लगेच सांगितलं. गावात तेव्हा पटकीची साथ होती."

"हे मी मुलाखतीत सांगू?"

"हे नको सांगू. हे ध्यानात ठेव. आधी स्वतः जात्याशी बसलेला माणूस बोलला, म्हणून बायांनी ऐकलं. आणि बोलल्यावर काय करायचं तेही कळलं, म्हणून त्या शिवेपर्यंत गेल्या. तुझ्याकडं असा एखादा दिवस आहे का? तो सांग. सहा वर्षं सांगत बसू नको."

मला आप्पांचा हा सल्ला मुलाखतीच्या पुस्तकांपेक्षा मोलाचा वाटतो. माणसं सांभाळण्याबद्दल विचारलं की आपण विशेषणं सांगायला लागतो. मी खंबीर आहे, मी समजूतदार आहे. समोरच्याला त्यातलं काहीच तपासता येत नाही. एक दिवस सांगितला की त्यात माणसं येतात, अडचण येते, आपण नेमकं काय केलं तेही येतं, आणि आपण काय केलं नाही ते लपवता येत नाही. शिवाय आपल्या भागातल्या बायांना असे दिवस शोधायला लांब जावं लागत नाही. गंगागिरी महाराजांच्या सप्ताहाला गावागावांतून भाकरी जातात. पीठ कुणाकडून गोळा करायचं, चुली कुठं पेटवायच्या, ट्रॉली कधी निघायची, हे ज्या बाया जुळवून आणतात त्यांच्या बायोडाटात यातलं अक्षर नसतं. कुणी विचारलं तर त्या म्हणतात, "आम्ही काय, नुसत्या भाकरी थापल्या."

मुलाखतीच्या दिवशी ताईच्या आधी एक तरुण आत गेला होता. नाशिकचा हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा, नीट इस्त्री केलेला शर्ट, बोलणं स्वच्छ. हाताखालचा माणूस चुकला तर काय कराल, असं विचारल्यावर त्यानं सांगितलं, पहिल्यांदा तोंडी समज, दुसऱ्यांदा मेमो, तिसऱ्यांदा कारवाई. हे चूक नव्हतं. कागदोपत्री असंच असतं. मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी विचारलं, "आणि तो का चुकला, हे कुठल्या पायरीवर बघाल?" त्याला उत्तर सुचलं नाही. त्याच्यावर अजून तशी वेळच आली नव्हती, यात त्याचा दोष नाही.

मग ताईला बोलावलं. टेबलामागं मॅडम होत्या, बाजूला हॉटेलचे मालक.

"तुमच्या हाताखाली किती माणसं होती?"

"कागदावर एकही नाही, मॅडम. मीही रूमच आवरते. पण दोन वर्षांपासून सकाळच्या पाळीतल्या सात जणींची वाटणी मी करते."

"कुणी करायला सांगितलं?"

"सांगितलं नव्हतं. आधी मॅनेजर सकाळी मजले वाटून द्यायचे. त्यात गुडघे दुखणाऱ्या मावशींच्या वाट्याला नेमका तिसरा मजला यायचा. मी आदल्या रात्रीच वाटणी लिहून ठेवायला लागले. ते सोयीचं पडलं, मग तेच चालू राहिलं."

मॅडमनी पुढचा प्रश्न कागदावर न बघता विचारला. "कुणाची चूक झाली आणि तुम्हाला बोलावं लागलं, असा एखादा प्रसंग?"

ताईनं पाठ केलेलं सगळं बाजूला ठेवलं.

"रामनवमीचा आदला दिवस होता. पालखीबरोबरची माणसं आली होती, चाळीसच्या चाळीस खोल्या भरलेल्या. दुसऱ्या मजल्यावरचे एक काका चादर हातात घेऊनच खाली आले. चादर उलटी करून घातलेली, खालच्या बाजूला हळदीचा डाग. ती खोली मावशींनी लावली होती. मॅनेजरांनी पॅसेजमध्येच आवाज चढवला, म्हणाले, आजच्या आज हिशेब करून टाका. मावशी नुसत्या रडत होत्या. मी मॅनेजरांकडं एक तास मागून घेतला."

"त्या तासात काय केलंत?"

"आधी त्या काकांची माफी मागितली आणि माझ्या हातानं त्यांची खोली लावून दिली. मग लिननचं कपाट उघडलं. आत अकरा चादरी होत्या. चाळीस खोल्यांना अकरा. लॉन्ड्रीची गाडी दोन दिवस आलेली नव्हती आणि ते कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं. लॉन्ड्रीला फोन लावला. शेजारच्या लॉजवर माझ्या ओळखीची बाई आहे, तिच्याकडून तीस चादरी उसन्या आणल्या, वहीत लिहून. सात जणींना वाटल्या. मग मावशींना गच्चीवर घेऊन गेले."

मालक पुढं सरकून बसले. "म्हणजे त्यांना काहीच बोलला नाहीत?"

"बोलले ना. पण आधी चादरी हातात दिल्या, मग बोलले. आणि एकटीला. म्हटलं, मावशी, चादर नव्हती ही तुमची चूक नाही. पण उलटी करून घातलीत, ही तुमचीच चूक आहे. यात्रेला आलेला माणूस आहे तो, विश्वासानं अंग टाकतो. पुन्हा चादर कमी पडली तर खोली बंद ठेवायची आणि मला हाक मारायची. कुणी रागावलं तर ते माझ्याकडं येऊ दे."

"मग?"

"कपाटाची किल्ली आणि वही मी मावशींच्याच हवाली केली. संध्याकाळी चादरी, अभ्रे, टॉवेल मोजायचे आणि लिहायचे. मॅनेजरांना ते पटलं नव्हतं. ज्यानं चूक केली त्याच्याच हातात किल्ली, असं म्हणाले. मी म्हटलं, चादर नसली की काय होतं ते आता त्यांच्याइतकं कुणाला माहीत आहे? पुढच्या महिन्यात एका गुरुवारी मावशींनी दोन खोल्या द्यायला नकार दिला. काउंटरवरून फोनवर फोन. त्यांनी मला हाक मारली, मी खाली जाऊन उभी राहिले. अर्ध्या तासात चादरी आल्या, मग खोल्या दिल्या."

मॅडम लिहीत होत्या. लिहिता लिहिताच त्यांनी विचारलं, "सगळ्याच जणी अशा ऐकतात?"

"नाही. एक मुलगी होती, बाथरूम न धुताच दार लावून घ्यायची. तिला साहित्य दिलं, माझ्याबरोबर चार दिवस घेतलं, दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा मी स्वतःच मॅनेजरांना सांगितलं. ती गेली. मला वाईट वाटलं, पण तिचं काम बाकीच्या सहा जणींच्या अंगावर पडत होतं."

या शेवटच्या उत्तरावर थोडं थांबावंसं वाटतं. मुलाखतीत आपल्याला न जमलेली गोष्ट सांगायला माणूस कचरतो. ताईनं ती सांगितली, आणि सांगताना मुलीला नावं ठेवली नाहीत की स्वतःला मोठंही केलं नाही. आपल्या माणसांच्या पाठीशी उभं राहणं आणि कामात तडजोड न करणं या दोन्ही गोष्टी एकाच बाईला जमतात, हे त्या दोघांना तिथं कळलं असणार. मावशींची गोष्ट एकटीच ऐकली असती, तर ताई नुसतीच मायाळू वाटली असती.

मॅडमनी पेन ठेवलं. "तुम्हाला आम्हाला काही विचारायचं आहे?"

भावानं लिहून दिलेल्या कागदात या प्रश्नाचंही उत्तर होतं, पगार आणि बढतीबद्दलचं. ताईच्या मनात वेगळंच काही होतं.

"एका पलंगामागं चादरींचे जोड किती घेतलेत?"

मॅडमनी मालकांकडं पाहिलं. मालकांनी खरेदीची फाइल उघडली. "दोन."

"दोनात भागणार नाही, साहेब. एक गादीवर, एक धुण्यात आणि एक कपाटात, असे तीन तरी पाहिजेत. लॉन्ड्री बाहेरची असेल तर गर्दीच्या दिवसांसाठी आणखी थोडे वर. नाहीतर महिन्याभरात तुमच्याकडंही कुणीतरी चादर उलटी करून घालेल, आणि मला तिला बोलता येणार नाही."

"का येणार नाही? तुम्ही सुपरवायझर असाल."

"चादर दिलीच नाही तर कुठल्या तोंडानं बोलू?"

मालकांनी फाइलमधला दोनचा आकडा खोडून तीन केला. मग विचारलं, "कधीपासून येता?"

"रामनवमी झाली की येते. आता गर्दीच्या तोंडावर त्या सात जणींना सोडून आले, तर तुमच्याकडच्या बायांनी माझ्यावर भरवसा का ठेवावा?"

"रामनवमी आमच्याकडंही आहेच," मॅडम म्हणाल्या.

"आहे, मॅडम. म्हणून उद्या दुपारच्या सुट्टीत येऊन तुमचं कपाट बघून जाते. तेवढ्यात चादरींची ऑर्डर देऊन ठेवा."