देणे, येणे आणि ठेव

दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी नवी वही उघडतो. कुंकवाचे स्वस्तिक काढतो, ‘श्री’ लिहितो, फूल वाहतो. आणि एवढे नवेपण झाल्यावर पहिल्याच पानावर जे मांडतो ते मात्र जुने असते. ती असते मागील बाकी. आमची आर्णी अरुणावतीच्या काठची, कापसाच्या मुलखातली. दिवाळीच्या सुमारास शेतांत सीतादही होऊन वेचणी चाललेली असते आणि गावात जमाखर्चाचा विचार आपोआपच होतो. कोणती रक्कम पुढे ओढायची आणि कोणती जुन्या वहीत राहू द्यायची, याविषयी व्यापाऱ्याच्या मनात गोंधळ नसतो. फिटले ते मागे राहते. न फिटलेले पुढे येते. आपण बाकीची माणसे आयुष्याचे पान उलटताना हा नियम पाळतो का?

हा प्रश्न माझ्यापुढे एका यंत्राने उभा केला. माझ्या संगणकावर विंडोज १० ही प्रणाली होती. तिची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि पुढची प्रणाली त्या जुन्या यंत्राला पेलणारी नव्हती. म्हणून नवा संगणक आला. जुन्यातून नव्यात न्यायच्या गोष्टी तीन : आलेली-गेलेली पत्रे, माणसांचे पत्ते आणि यंत्राला लावलेल्या सवयी, ज्यांना ‘सेटिंग्ज’ म्हणतात.

ई-मेल ठेवण्याच्या रीती मुख्यतः दोन. पॉप नावाच्या रीतीत, टपाल कचेरीतून पत्र घरी आणावे तसे ते आपल्या संगणकात उतरते आणि पुष्कळदा तिकडे त्याची प्रत उरत नाही. आयमॅप नावाच्या रीतीत पत्र दूरच्या यंत्रावरच राहते. आपण ते इथून वाचतो. संगणक बदलला तरी आपले नाव आणि परवलीचा शब्द सांगितला की सारी पत्रे पुन्हा समोर येतात. माझी अलीकडची पत्रे या दुसऱ्या जातीची आहेत. पण भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सामान्यांसाठी खुले केले आणि काही वर्षांनी ते आमच्यापर्यंत पोचले, तेव्हापासूनची बरीच पत्रे पहिल्या जातीची. ती हाताने उचलून नेल्यावाचून नव्या घरी येणार नव्हती.

मदतीला भाचा बसला होता. तो म्हणाला, “मामा, निवडत काय बसता? सगळंच घेऊ. जागा भरपूर आहे.”

त्याचे म्हणणे हिशेबाला धरून होते. तरीही मला वाटते, जागा आहे म्हणून ठेवणे आणि मोल आहे म्हणून ठेवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. माळ्यावर टाकलेली वस्तू घरात असते, पण तिची आठवण कोणी करत नाही. सगळेच ठेवणारा माणूस पुष्कळदा काहीच राखत नाही. तो फक्त निवडण्याचा निर्णय टाळतो.

सवयींविषयी फार सांगण्यासारखे नाही. अक्षर किती मोठे हवे, पत्राखाली सही कशी उमटावी, कोणाचे पत्र कोणत्या कप्प्यात पडावे, हे सारे यंत्र शिकलेले असते. गीतेच्या पंधराव्या अध्यायात जीव देह सोडताना मन आणि इंद्रिये बरोबर नेतो, ते वारा फुलांचा गंध नेतो तसे, असा दृष्टान्त आहे. यंत्राची गोष्ट उलटी. त्याच्या सवयी आपण निवडून नेऊ शकतो किंवा टाकूही शकतो. माणसाला अशी सोय असती तर किती घरे सुखी झाली असती!

पत्त्यांच्या यादीपाशी मात्र हात थबकला. पाचशेच्या वर नावे होती आणि त्यांत सुमारे चाळीस माणसे आता या जगात नव्हती. यंत्राला मृत्यू ठाऊक नाही. पहिली दोन अक्षरे उमटवली की ते अजून एका दिवंगत स्नेह्याचे नाव पुढे करते. ते नाव पुसणे म्हणजे दुसऱ्यांदा पोचवून येणे वाटते. ठेवावे तर रोज पोकळ दाराशी उभे राहणे. विचार करता मला एवढे उमगले की पत्ता आणि पत्र यांत भेद आहे. पत्ता ही उत्तराची आशा असते. पत्र हे आपल्याला मिळालेले दान असते. आशा संपली की पत्ता सोडावा. दान मात्र सोडू नये. मी पत्ते मागे ठेवले आणि पत्रे घेतली.

पण कोणती पत्रे? येथे व्यापाऱ्याचा नियम माझ्या कामी आला, आणि तो वाटतो त्यापेक्षा सूक्ष्म आहे. वहीत येणे असते आणि देणेही असते. येणे सोडून देण्याचा अधिकार ज्याचे येणे त्याला आहे. कोणी मला लागेलसे लिहिले असेल, कोणी शब्द देऊन मोडला असेल, तर ती पत्रे मागे टाकणे ही उदारता होईल. देणे मात्र धनकोनेच सोडावे. ऋणकोने ते पुसले तर ती अफरातफर. माणसे नेमके उलटे करतात. दुसऱ्यांनी केलेला अपमान नव्या वहीत ठळक उतरवतात आणि आपल्यावरच्या उपकाराची नोंद जुन्या पानात राहू देतात.

माहूरकडच्या एका स्नेह्याचे पत्र त्या ढिगाऱ्यात होते. आपल्या वडिलांचा एखादा जुना फोटो मजपाशी असल्यास पाठवावा, असे त्यांनी लिहिले होते. आठ दिवसांत ते गेले. फोटो नंतर सापडला होता, पण मागणारा उरला नाही म्हणून प्रश्न मिटला असे वाटत होते. देणे असे मिटत नाही; ते वारसाकडे जाते. त्यांच्या मुलीला मी फोटो पाठवला. तिचे उत्तर आले की तिने आजोबांचा चेहरा प्रथमच पाहिला.

देणे आणि येणे यांखेरीज तिसरे एक खाते असते : ठेवीचे. लेक सासरचे दुःख लिहिते, मित्र आपल्या आजाराचे सांगतो. ही पत्रे आपल्या यंत्रात असतात, पण आपली नसतात. जुन्या काळी मोडीतली दप्तरे वाचता येईनाशी झाली, तशी माझी काही मराठी पत्रे नव्या संगणकावर निव्वळ चिन्हांचा कचरा होऊन उतरली. कारण तेव्हाचे फॉन्ट मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागी बसवीत. तो फॉन्ट नसेल तर किल्ली हरवलेली पेटीच. पण पेटी उघडत नाही म्हणून ठेव बुडवता येत नाही. तो जुना फॉन्ट शोधून बसवला आणि पत्रे पुन्हा बोलू लागली.

आणि जुने यंत्र? ते एका होतकरू मुलाला द्यायचे होते. मजकूर पुसला म्हणजे गेला, अशी आपली समजूत असते. साध्या पुसण्याने बहुधा अनुक्रमणिकेतली नोंद तेवढी जाते. मजकूर, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत, तसाच राहतो आणि जाणत्याला तो काढता येतो. आपल्या दानाबरोबर दुसऱ्याची गुपिते देण्याचा हक्क आपल्याला नाही. म्हणून सारी चकती कोरी करून घेण्यात भाच्याची एक संध्याकाळ गेली. तो कुरकुरला नाही. “मामा, यात माझीही पत्रे असतील,” एवढेच म्हणाला.

दिवाळीत आपण घर झाडतो. वाचकहो, झाडताना एखादे अनुत्तरित पत्र हाती लागले तर ते केरात किंवा माळ्यावर टाकण्यापूर्वी एवढे विचारावे : हे माझे येणे, माझे देणे, की कोणाची ठेव? येणे असेल तर सणाच्या निमित्ताने सोडून द्यावे. ठेव असेल तर नीट जपावी. देणे असेल तर फराळाला बसण्याआधी दोन ओळी लिहाव्यात.