गुरुवारची सुट्टी आणि स्वराज्य

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

सद्गुरूंच्या चरणी साष्टांग दंडवत घालून दत्तजयंतीच्या या अंकात चार शब्द मांडतो. मी कीर्तनकार नाही, शास्त्री तर नाहीच नाही. छत्तीस वर्षं बँकेत लेजरं लिहिली आणि आता पारायणाला बसतो, एवढीच माझी पात्रता. तरी जे ऐकलं, वाचलं, मनात घोळलं, ते आपल्यापुढे ठेवतो. गोड मानून घ्यावं.

मागे सप्ताहात प्रसाद घेताना मंडळींत एक विषय निघाला. एक जण म्हणाले, "स्वातंत्र्य लढून मिळालं, तुरुंगात जाऊन मिळालं. देवाधर्माचा त्यात काय संबंध?" दुसरे लगेच म्हणाले, "धर्म होता म्हणून तर मिळालं!" मला दोघांचंही अर्धं पटलं. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख.

आपल्या दत्तसंप्रदायातलंच उदाहरण घेऊ. श्रीएकनाथ महाराजांचे सद्गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे किल्लेदार. राज्य परक्या धर्माच्या सुलतानाचं, चाकरीही त्याचीच. पण स्वामींच्या दत्तोपासनेसाठी गुरुवारी किल्ल्यावरचं कामकाज बंद असे, असं परंपरा सांगते. म्हणजे बघा, राजा वेगळ्या धर्माचा असूनही उपासनेचा दिवस उपासकाच्या हातात होता. श्रीगुरुचरित्रातही बिदरचा यवन राजा महाराजांना शरण आला, तेव्हा महाराजांनी त्याचा धर्म पाहिला नाही, त्याची व्याधी दूर केली. परधर्माचा द्वेष ही दत्तभक्तांची शिकवण कधीच नव्हती. हे आधी पक्कं ध्यानात ठेवायचं, मगच पुढे जायचं.

आता तीनशे वर्षं पुढे येऊ. पुण्यात लष्करी हिशेब खात्यात एक कारकून होता. गाव शिरढोण, जन्म १८४५ चा, नाव वासुदेव बळवंत फडके. निष्ठावंत दत्तोपासक. गावी आई अत्यवस्थ असल्याचं कळलं, त्यांनी रजा मागितली. रजा वेळेवर मिळाली नाही. ते घरी पोचले तेव्हा आई गेलेली होती. पुढल्या वर्षी आईच्या वर्षश्राद्धासाठी अर्ज केला, तोही नामंजूर झाला.

ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना यातली कळ वेगळी सांगायला नको. माझ्या वडिलांची तिथी मार्चअखेरच्या आसपास येई. पहाटे विधी उरकून मी नऊला काउंटरवर हजर असे, पण तेवढी मुभा तरी होती. आपल्या जन्मदात्रीला पिंड द्यायला ज्याला दुसऱ्याची परवानगी लागते आणि ती मिळतही नाही, त्याला पारतंत्र्य म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. कुळधर्म, कुळाचार, श्राद्धपक्ष हे आपल्याला रोजचे, साधे वाटतात. पण गुलामी नेमकी तिथेच टोचते.

मात्र फडके तेवढ्या दुःखावर थांबले असते, तर ते एका कारकुनाचं गाऱ्हाणं ठरलं असतं. १८७६-७७ चा भीषण दुष्काळ आला. माणसं अन्नावाचून मरत होती. ते हिंडले, त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पुण्याच्या रस्त्यावर थाळी वाजवून लोक गोळा करायचे आणि सांगायचे की हे राज्य गेलं पाहिजे. शिकलेल्यांपैकी फार थोडे पुढे आले. साथ दिली ती रामोशी आणि कोळी बांधवांनी. स्वतःच्या आईचं श्राद्ध चुकलं म्हणून पेटलेला माणूस दुसऱ्यांच्या आयांसाठी लढायला उभा राहिला. माझ्या मते उपासना पिकली ती इथे.

भक्तमंडळींत एक आख्यायिका सांगतात. फडक्यांनी आपली तलवार अक्कलकोटला स्वामी समर्थांपुढे ठेवली, की आशीर्वाद द्यावा. स्वामींनी ती उचलून झाडावर ठेवायला लावली. वेळ आली नाही, असा तो संकेत. तरीही फडके लढले. मग यांनी गुरूची आज्ञा मोडली का? मी यावर पुष्कळ विचार केला. मला वाटतं, स्वामींनी फळ मिळणार नाही एवढं दाखवलं. फळ नाही हे कळूनही कर्तव्य करायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवायचं. गीता वेगळं काय सांगते?

१८७९ साली बंड झालं. सरकारची फौज मागे लागली. तेव्हा ते श्रीशैल्यास मल्लिकार्जुनाच्या दर्शनाला गेले, जिकडे श्रीनृसिंहसरस्वतींनी निजानंदगमन केलं ते हे स्थान. देवाच्या पायी देह ठेवावा असं त्यांच्या मनात होतं. तिथे आत्मवृत्त लिहिलं. पण देह ठेवला नाही, परत फिरले, पुन्हा माणसं जमवू लागले. त्याच वर्षी जुलैत पकडले गेले. जन्मठेप होऊन एडनला गेले, तिथूनही एकदा निसटले आणि पुन्हा सापडले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच देह पडला. वय अवघं सदतीस.

एकट्याची निष्ठा होती, पाठीशी समाज नव्हता. ती उणीव पुढे लोकमान्यांनी ओळखली. १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव वाढवला, १८९६ ला रायगडावर शिवउत्सव झाला. देवघरातला देव चौकात आला आणि त्याच्याभोवती माणसं जमली. मंडालेच्या तुरुंगात लोकमान्यांनी गीतारहस्य लिहिलं. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. तुरुंगाचं मंदिर झालं म्हणायचं! आपण ज्यांची दत्तबावनी म्हणतो ते नारेश्वरचे श्रीरंगअवधूत महाराजही तरुणपणी गांधीजींच्या हाकेला ओ देऊन असहकारात उतरले होते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हिशेब जुळायचा नाही. ज्या धर्माने माणसं जोडली, त्याच्याच नावावर माणसं दूरही ठेवली गेली. विठोबा सगळ्यांचा, पण त्याच्या देवळाचं दार सगळ्यांना नव्हतं. त्यासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावं लागलं, तेव्हा ते दार उघडलं. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलं होतं! आणि ते आलं तेव्हा धर्माच्या नावावरच देशाची फाळणी झाली, लाखो लोक घरादाराला मुकले. धर्म म्हणजे विस्तव आहे. चुलीत असला तर अन्न शिजतं, छपराला लागला तर घर जातं.

म्हणून सप्ताहातल्या त्या दोन्ही सज्जनांना माझं उत्तर असं. स्वातंत्र्य लढणाऱ्यांनीच मिळवलं. पण हरणार हे दिसत असतानाही उभं राहायचं बळ पुष्कळांना उपासनेने दिलं. आणि ती उपासना जिथे 'मी आणि माझे' यापलीकडे गेली नाही, तिथे तिने देशाचं नुकसानही केलं.

आपण आता साठी-सत्तरीचे. लढाईला कोणी बोलावणार नाही. पण आपला गुरुवार आज आपल्या हातात आहे, कोणाकडे अर्ज करावा लागत नाही. हा दिवस फुकट आलेला नाही. जयंतीच्या पाळण्याला दोरी धराल तेव्हा एडनला गेलेल्या त्या दत्तभक्ताची आठवण ठेवा. आणि महाप्रसादाच्या पंगतीत दाराशी कोणी संकोचून उभा असेल, तर उठून त्याला आत घ्या, आपल्या शेजारी पाट द्या. माझ्या अल्पमतीने तरी आपल्या वाटचं स्वराज्य तेवढं आहे.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!