चाळीस सेकंदांचा हक्क

आपाच्या बायॉप्सीचा रिपोर्ट आला त्या दिवशी आम्ही ओपीडीत चार तास बसून होतो. नंबर लागला. डॉक्टरांनी फाईल उघडली, कागद वाचला आणि मान वर न करताच म्हणाले, "कॅन्सर आहे. ऑपरेशन करावं लागेल. तारीख बाहेर मिळेल." निदान अचूक होते. ऑपरेशनही नीट पार पडले. त्या डॉक्टरांचे ऋण आम्ही विसरणार नाही. पण त्या दिवसाची आठवण निघाली की आपा रोगाविषयी बोलत नाही. "त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलंसुद्धा नाही," एवढेच म्हणते.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून आहे. डॉक्टरांची सहानुभूती ही मेहेरबानी आहे की रुग्णाचा हक्क? मेहेरबानी असेल तर ती मिळाली नाही म्हणून तक्रार करता येत नाही. हक्क असेल तर ती न देणे हा उपचारातलाच कसूर ठरतो. आजाऱ्याच्या इयादतीला जाणे हा आपल्याकडे उपकार मानलेला नाही. हदीसमध्ये तो एका मुसलमानाचा दुसऱ्यावरील हक्क सांगितला आहे. मग ज्याच्या हाती आजाऱ्याचा जीव आहे, त्याच्यावर हा हक्क अधिकच नाही का?

डॉक्टरांचीही बाजू आहे. दारात रांग लागलेली असते. प्रत्येकाच्या दुःखात बुडायचे ठरवले तर शस्त्र धरणारा हात कापेल. हे खरे आहे. रडणारा डॉक्टर रुग्णालाही नको असतो. पण सहानुभूती म्हणजे सोबत रडणे नव्हे. समोरच्याचे दुःख ओळखणे आणि ते ओळखले आहे हे त्याला कळू देणे, एवढेच तिचे काम. त्याला वेळही फार लागत नाही. १९९९ साली अमेरिकेतील 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २१० स्त्रियांना डॉक्टर-रुग्ण संवादाची चित्रफीत दाखवली होती. त्यांतल्या १२३ जणी स्तनाच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या होत्या. काहींच्या चित्रफितीत डॉक्टरांचे धीराचे बोल अधिक होते, जेमतेम चाळीस सेकंदांचे. ते ऐकणाऱ्या स्त्रियांची चिंता कमी झालेली आढळली. मात्र वैद्यकीय माहिती त्यांच्या अधिक लक्षात राहिली असे काही झाले नाही. काही प्रश्नांत त्या मागेच पडल्या. म्हणजे दिलासा माहितीची जागा घेत नाही. दोन्ही द्यावे लागते.

इथे आम्हा घरच्यांचाही कसूर सांगितला पाहिजे. घरी आल्यावर आम्ही 'कॅन्सर' हा शब्दच बंद केला. 'गाठ' म्हणू लागलो. भेटायला येणाऱ्यांना "किरकोळ ऑपरेशन आहे" असे सांगितले. आपाला सारे ठाऊक होते, पण बोलायला कोणी उरले नाही. डॉक्टरांनी तिला मायेवाचून सत्य दिले. आम्ही सत्यावाचून माया दिली. एकटी ती दोन्हीकडे पडली.

हजारेक वर्षांपूर्वीचे थोर हकीम अबू बक्र अल्-राझी यांचा सल्ला होता, की हकिमाने रुग्णाच्या मनात बरे होण्याची उमेद जागवावी. याचा अर्थ खोटे बोलावे असा मी घेत नाही. २००० साली कॅन्सरच्या डॉक्टरांसाठी वाईट बातमी सांगण्याची सहा पायऱ्यांची एक पद्धत मांडली गेली. तिच्यात सांगण्याआधी विचारायचे असते: तुम्हाला काय ठाऊक आहे, किती जाणून घ्यायचे आहे? आपाला हे ना डॉक्टरांनी विचारले, ना आम्ही.

किमोच्या तिसऱ्या खेपेला एका तरुण डॉक्टरीणबाईंनी स्टूल ओढले आणि विचारले, "तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?" आपा म्हणाली, "धाकटीच्या लग्नाची." मरणाची नव्हे! इतके दिवस आम्ही ज्या भीतीपासून तिला जपत होतो, ती तिची नव्हतीच.

२०१९ पासून आपल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात रुग्णाशी संवाद हा विषय शिकवला जातो, ही चांगली गोष्ट आहे. पण धडा केवळ डॉक्टरांनीच गिरवायचा नाही. स्टूल प्रत्येक घरात असते. ते ओढून घेऊन विचारावे लागते, आणि मग गप्प बसून ऐकावे लागते.