घरचा वाटा

कोकणातला सागरी रस्ता सायकलवाल्याला फार वेळ सपाटीवर राहू देत नाही. खाडीकाठचं गाव सोडलं की चढ, चढ संपला की जांभ्याचा उघडा सडा, सडा सरला की पुन्हा खाडीपर्यंत उतार. दापोलीकडून गुहागरला जाताना दिवसभर हेच चालू असतं. घरची आठवणही याच रस्त्याच्या चालीने येते. चढावर तिला जागा नसते. सर्वांत हलका गिअर, पुढच्या चाकासमोरची चार हात जमीन आणि आपला श्वास, एवढंच तिथे उरतं. उतारावर बोटं ब्रेकवर आणि डोळे खड्ड्यांवर असतात. आठवण गाठते ती सड्यावर. पाय आपोआप फिरत असतात आणि मन रिकामं सापडतं. लेकीची शाळेची बस आली असेल का? आईच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या होत्या, त्या कोणी आणल्या असतील का?

लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांना हे नवं नाही, पण आम्ही त्यावर बोलत नाही. गुडघे, पंक्चर, समोरचा वारा यांवर तासभर गप्पा रंगतात. घरची आठवण येते हे सांगायला मात्र जीभ अडखळते. दम कमी पडला असं कोणी समजेल की काय, असं वाटतं.

दाभोळला वाशिष्ठीच्या मुखाशी रस्ता संपतो. पलीकडे धोपावे, मध्ये फेरीबोट. बोट सुटेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नसतो, आणि थांबलं की बोलणं निघतं. पुण्याहून सायकलवर आलो म्हटलं की लोकांचे प्रश्न ठरलेले असतात: किती किलोमीटर झाले, सायकल केवढ्याची, झोपता कुठे. बोटीवर शेजारी बसलेल्या आजींनी यातलं काहीच विचारलं नाही. सामानाने भरलेल्या सायकलकडे एकदा पाहून त्या म्हणाल्या, "आनि मागं घरी कोन बगतं?"

हा प्रश्न याच किनाऱ्यावर विचारला जावा, यात नवल नाही. इथल्या कित्येक घरांतला कर्ता पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरणीत होता. येणं व्हायचं शिमग्याला, गणपतीला. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ मध्ये. त्याआधी बराच काळ जाण्यायेण्याची मोठी भिस्त किनाऱ्यावरच्या आगबोटींवर होती, आणि पावसाळ्यात त्याही बंद असत. पोस्टमन मनीऑर्डर आणून द्यायचा. भाताची लावणी, गुरं, सासूसासऱ्यांची दुखणी, पोरांचे ताप हे सगळं मागे राहिलेली बाई निभवायची. माणूस गावाबाहेर पडला की त्याचं काम कोणाच्या तरी अंगावर येतं, हे या किनाऱ्याला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

चाकरमानी पोटासाठी जायचा. आपण हौसेने जातो. म्हणून त्याच्या विरहाशी आपली बरोबरी सांगू नये. उलट, हौसेने जाणाऱ्याने आजींचा प्रश्न जास्तच मनावर घ्यायला हवा, कारण त्याच्या वाटची कामं घरच्यांनी त्याच्या आनंदासाठी उचललेली असतात.

सायकलप्रवासाच्या कथांमध्ये हा हिशेब क्वचितच येतो. १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जग पाहायला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे इराण, युरोप, अमेरिका, जपान, चीन असं करत १९२८ मध्ये परतले. त्यांच्या धाडसाला तोड नाही, आणि त्या प्रवासावर पुस्तकही आहे. पण हातात फोन नसलेल्या त्या काळात, पुढचं पत्र येईपर्यंत मुलगा कुठे आणि कसा आहे याचा पत्ता नसताना, त्यांच्या घरच्यांनी ती वर्षं कशी काढली असतील? अशी वाट पाहणाऱ्यांच्या वाट्याला प्रवासवर्णन येत नाही.

आज मुक्कामी पोचताच फोन लागतो. तरी आपण करतो काय? आजचे किलोमीटर, कोणता चढ कसा मारला, जेवणात कुठला मासा होता, हे सगळं आधी सांगून टाकतो. शेवटी विचारतो, "तिकडे सगळं ठीक ना?" या प्रश्नात उत्तरही आपणच घालून दिलेलं असतं. पलीकडून "हो" येतं, कारण दमून आलेल्या माणसाच्या डोक्याला आणखी ताप नको, एवढा विचार पलीकडचं माणूस करतं. रात्री लेकीला ताप होता, पाण्याची मोटर बंद पडली होती, हे कळतं परतल्यावर.

घरची आठवण येते तेव्हा ती नुसती मनात घोळवून तिचा उपयोग कोणालाच होत नाही. तिचं कामात रूपांतर करता येतं. दुपारच्या उन्हात आमराईच्या सावलीला टेकलात की विजेचं बिल तिथूनच भरता येतं, शाळेच्या ग्रुपवरचा निरोप वाचून उत्तर देता येतं, आईसाठी डॉक्टरांची वेळ घेता येते, गोळ्यांसाठी औषधवाल्याला फोन करता येतो. निघण्याआधीही सायकलच्या सुट्या भागांच्या यादीशेजारी दुसरी एक यादी हवी: मी नसताना माझी कोणती कामं कोणावर पडणार आहेत, आणि त्यांतली किती मी आधीच उरकू शकतो. परतल्यावर दोन दिवस पाय वर करून बसण्याऐवजी घरच्या माणसाला तेवढी सुटी द्यावी. तीही दौऱ्याच्या वेळापत्रकातच धरावी.

आज मुक्कामावरून फोन कराल तेव्हा किलोमीटर शेवटी सांगा. आधी विचारा, आज दिवसभर घरी काय काय झालं. आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका.